ओढून बसवलेली नळी

आपल्या वर्कशॉपमध्ये ‘जुगाड’ हा शब्द फार कौतुकाने उच्चारला जातो. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून नळाची गळती थांबवली, तारेने सायकलचा मडगार्ड बांधला, की तो कॅडेट त्या दिवसाचा हिरो. मला त्यात वावगे वाटत नाही. हाताला सवय लागते, डोके चालते. पण यंदा अकरावीच्या तिघाचौघांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : ‘उस्ताद, प्रवासी विमानाच्या इंजिनाला इजा झाली तर तिथेही असे तात्पुरते काम करतात का? आणि करत असतील, तर त्यात बसायचे कसे?’ मी बावीस वर्षे वायुसेनेत इंजिन फिटर होतो, त्यातली बरीच मालवाहू विमानांवर गेली. म्हणजे उत्तर देण्याची पाळी माझ्यावरच येते. मराठी पानाच्या संपादकांनी या वेळी जागा सढळ हाताने दिली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. तात्पुरत्या दुरुस्त्या होतात, जगभर रोज होतात, आणि त्या केलेली विमाने सुखरूप उडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी इंजिनाला इजा होते म्हणजे काय होते, ते पाहू.

आपल्याकडे सर्रास दिसणारे बोईंग ७३७-८०० हे विमान घ्या. त्याच्या पंखाखाली सीएफएम५६ जातीचे इंजिन असते. समोरून पाहिले की जो मोठा पंखा दिसतो त्याचा व्यास सुमारे १५५ सेंटिमीटर आणि त्याला टायटॅनियमची २४ पाती. उड्डाणाच्या वेळी हा पंखा मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेतो. पात्याच्या टोकाचा वेग वहीत काढून पाहा : परीघ गुणिले फेरे भागिले ६०. सेकंदाला ४०० मीटरच्या वर जातो, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त. अशा पात्यावर एखादी घार आदळली, धावपट्टीवरचा खडा आत ओढला गेला, गारा लागल्या किंवा कुणाचा विसरलेला बोल्ट आत गेला, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणून तर हवाई तळावर सकाळी जवान आडव्या ओळीने धावपट्टीवरून खाली बघत चालतात आणि खडे, तारा, खिळे वेचतात. नवख्या पोरांना ते काम कमीपणाचे वाटते. मला ते कधीच तसे वाटले नाही.

पक्षी किंवा खडा लागला की बहुतेक वेळा इंजिन मोडत नाही. पात्याच्या पुढच्या कडेला एक खाच पडते, कधी नखाएवढी, कधी तांदळाच्या दाण्याएवढी. समोरची पाती टॉर्चच्या उजेडात आणि बोटाने तपासता येतात. आतली कॉम्प्रेसरची आणि टर्बाइनची पाती पाहण्यासाठी इंजिनाच्या कवचात मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून बोअरस्कोप घालतात, म्हणजे लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला कॅमेरा. एक जण चाक हळूहळू फिरवतो, दुसरा पडद्यावर एकेक पाते मोजत बघतो. कंटाळवाणे काम. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, तर पहिल्या पात्यापासून पुन्हा सुरुवात.

आता खाच सापडली. तिचे काय करायचे?

नवख्याला वाटते की खाच भरून काढावी. प्रत्यक्षात उलटे करतात. कानस घेऊन खाच आणखी मोठी करतात, पण तिचा आकार बदलतात. टोकदार खाचेची उथळ, गोलसर वाटी होते. आहे तो धातू आणखी काढून पाते मजबूत कसे होईल, ही गोष्ट मलाही प्रशिक्षणात पहिल्यांदा पटली नव्हती. तिच्यामागचे गणित मात्र तुमच्या आवाक्यातले आहे.

चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली हे गणित मांडले. याच गृहस्थाने सैन्यासाठी सुट्या भागांतून झटपट उभारता येणारा पूलही तयार केला होता, म्हणजे ते आपल्याच बिरादरीतले म्हणायचे. त्यांनी दाखवले की ताणलेल्या पत्र्यात छिद्र किंवा खाच असेल, तर तिच्या टोकाशी ताण कितीतरी पटींनी वाढतो. किती पट? एक अधिक दोन गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमूळ कशाचे, तर खाचेची खोली भागिले टोकाची त्रिज्या याचे. समजा खाच १ मिलिमीटर खोल आहे आणि तिचे टोक तीक्ष्ण, त्रिज्या ०.०१ मिलिमीटर. भागाकार १००, वर्गमूळ १०, ताण २१ पट. आता ती कानसून १.५ मिलिमीटर खोल केली, पण वाटी इतकी पसरट ठेवली की त्रिज्या १३.५ मिलिमीटर झाली. भागाकार एक नवमांश, वर्गमूळ एक तृतीयांश, ताण जेमतेम १.६७ पट. खोली दीडपट झाली आणि टोकाचा ताण एकविसावरून दोनाच्या खाली आला. (मूळ सूत्र लंबवर्तुळाकार छिद्राचे आहे, आणि खरा धातू टोकाशी थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतात. पण दिशा हीच.)

विश्वास बसत नसेल तर कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एकीच्या कडेला कात्रीने छोटा काप द्या. दुसरीच्या कडेला फाइलच्या पंचने अर्धगोल तुकडा काढा, कापापेक्षा खोल. दोन्ही पट्ट्या टोकांना धरून सरळ ओढा. कोणती आधी फाटते ते स्वतः बघा.

तर कानस चालवणे ही तात्पुरती दुरुस्ती नसून पुस्तकातली दुरुस्ती आहे, आणि त्या पुस्तकात तिला चारही बाजूंनी कुंपण घातलेले आहे. पात्याच्या टोकाकडच्या भागात किती खोल चालेल, मधल्या भागात किती, मुळाशी तर जवळपास काहीच नाही. एका पात्यावर किती खाचा, पूर्ण चाकावर किती पाती. शेवटचा हात पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा, कारण आडवा ओरखडा राहिला तर आपणच नवी खाच पाडून ठेवली असे होते. मग रंगद्रव्य लावून चीर उरली नाही ना ते बघायचे, माप घ्यायचे, लिहायचे, सही करायची. माप मर्यादेबाहेर गेले तर पाते बदलायचे. मर्यादा १ मिलिमीटर असेल आणि माप १.१ आले, तर ‘एवढ्याने काय होते’ हा प्रश्न त्या जागी विचारायचा नसतो.

आणि जे दिसतच नाही, ते कानसता येत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कहून डॅलसला निघालेल्या साउथवेस्ट कंपनीच्या ७३७-७०० विमानात डाव्या इंजिनाचे एक पाते मुळाशी तुटले. तिथे वारंवार पडणाऱ्या ताणाने चीर वाढत गेली होती. मुळाचा तो भाग चकतीच्या खोबणीत बसलेला असल्यामुळे पाते उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत रंगद्रव्याच्या तपासणीलाही चीर सापडली नव्हती. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडाले, एक खिडकी फुटली आणि एका प्रवासी स्त्रीचा जीव गेला. विमान फिलाडेल्फियाला सुखरूप उतरवले ते टॅमी जो शल्ट्स यांनी. त्या आधी अमेरिकी नौदलात लढाऊ विमाने उडवत होत्या. त्याच कंपनीच्या विमानात, त्याच जातीच्या इंजिनाचे पाते ऑगस्ट २०१६ मध्येही असेच तुटले होते, फक्त तेव्हा कुणी दगावले नाही. २०१८ नंतर या पात्यांची अल्ट्रासोनिक तपासणी सक्तीची झाली.

आता चंदेरी पट्टीबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या एका कॅडेटने इंजिनाच्या आवरणावर चिकटपट्टी लावलेली पाहिली आणि पूर्ण प्रवासभर त्याचा जीव टांगणीला लागला. त्याने मला सांगितले तेव्हा मला हसू आले, पण प्रश्न रास्त आहे. ती घरातली चिकटपट्टी नसते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला जबर गोंद लावून ती केलेली असते, आणि उन्हात, पावसात, ताशी आठशे किलोमीटरच्या वाऱ्यात टिकते. एखाद्या फटीचे सील गेले, आवरणाचा एखादा कोपरा उखडला, तर हवा आत घुसून तो आणखी उखडू नये म्हणून ती लावतात. जिथे भार नाही तिथेच, आणि पुस्तकाने परवानगी दिली असेल तरच. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या भागावर तिचे काही काम नाही.

तसेच, विमानात एखादी वस्तू बंद असताना उडण्याची परवानगी असते. त्याची यादी असते, तिला एमईएल म्हणतात, आणि भारतात ती डीजीसीएच्या मान्यतेनेच वापरता येते. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे मुदत : काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०, काहींना खास अटी. मुदत संपली आणि वस्तू दुरुस्त झाली नाही, तर विमान जमिनीवर. माझ्या मते तात्पुरत्या दुरुस्तीत सगळ्यात महत्त्वाचा भाग हा तिचा शेवटचा दिवस असतो. जुगाडाला शेवटचा दिवस नसतो. सायकलच्या मडगार्डला बांधलेली तार आपण कधी सोडली, आठवून बघा.

चार इंजिनांच्या जुन्या ७४७ विमानांना तर एक इंजिन बंद असतानाही तीन इंजिनांवर दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याची सोय होती. अट अशी, की आत एकही प्रवासी नको. धोका घ्यायचा तर तो ओळखून घ्यायचा आणि ज्यांनी तो स्वीकारला आहे त्यांनीच घ्यायचा, असा त्याचा अर्थ. परवानग्या परतही घेतल्या जातात. २०१८ च्या सुरुवातीला ए३२०निओ विमानांच्या एका मालिकेतल्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत दोष निघाला. युरोपच्या नियामकाने आधी दोन्ही इंजिने तशी असलेल्या विमानांवर बंदी घातली. आपल्या डीजीसीएने १२ मार्चला एक पाऊल पुढे टाकले आणि तसे एक जरी इंजिन असले तरी विमान उभे केले. इंडिगो आणि गोएअरची मिळून ११ विमाने जमिनीवर आली. प्रवाशांची गैरसोय झाली, वर्तमानपत्रांत ओरड झाली. निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला होता.

इथपर्यंत नियमाच्या आतल्या गोष्टी झाल्या. आता कुंपण ओलांडले की काय होते ते.

१९७९ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानांत इंजिन ज्या खांबाला टांगतात, त्या पायलॉनच्या बेअरिंगचे एक ठरावीक काम चालू होते. विमान बनवणाऱ्या मॅक्डोनेल डग्लसचे म्हणणे होते, आधी इंजिन उतरवा, मग पायलॉन. कंपनीच्या अभियंत्यांनी दोन्ही एकदमच उतरवायची पद्धत काढली. सुमारे सहा टनांचे ते धूड मोठ्या फोर्कलिफ्टवर तोलायचे आणि तसेच पुन्हा वर चढवायचे. दर विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत होते, आणि तोडायच्या जोडण्याही खूप कमी होत होत्या. कागदावर पाहिले तर हुशारी. पण फोर्कलिफ्टचा चालक खाली बसलेला, आणि वर बसवायची जागा मिलिमीटरच्या हिशेबाची. काटा थोडा खालीवर झाला की पायलॉनचा मागचा भाग पंखाच्या जोडावर दाबला जाई. अशाच एका कामात एका विमानाच्या पायलॉनच्या मागच्या पट्टीला सुमारे २५ सेंटिमीटरची चीर गेली. कुणाला दिसली नाही. आठ आठवडे विमान उडत राहिले आणि चीर वाढत राहिली. २५ मे १९७९ रोजी शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर उड्डाणाच्या क्षणी डावे इंजिन पायलॉनसकट निखळले, पंखावरून उलटून मागे पडले. जाताना त्याने हायड्रॉलिकच्या नळ्या तोडल्या, डाव्या पंखाच्या पुढच्या झडपा मिटल्या, त्या पंखाची उचल गेली. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे दोन लोक मेले.

लक्षात घ्या, ते इंजिन बिघडलेले नव्हते. आणखी एक गोष्ट तपासात पुढे आली. दुसऱ्या एका कंपनीत हीच पद्धत वापरताना हीच पट्टी आधीच दोनदा तुटली होती. तिथल्या लोकांनी ती दुरुस्त केली आणि विमाने पुन्हा सेवेत गेली. दुरुस्ती झाली, पण ‘ही तुटली कशाने’ हा प्रश्न ज्या सर्वांपर्यंत पोहोचायला हवा होता त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

शिकागोची गोष्ट भयंकर असली तरी मला शिकवायला दुसरी जास्त उपयोगी वाटते, कारण तिच्यात कुणी नवी पद्धत शोधली नाही की आडदांडपणा केला नाही. साधी, चांगली माणसे शनिवार-रविवारी काम करत होती.

ऑगस्ट २००१. कॅनडाच्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या ए३३० विमानाच्या उजव्या इंजिनातल्या तेलात धातूचे कण सापडले. तेलाच्या वाटेवर एक लोहचुंबक बसवलेला असतो, त्याला चिकटलेले कण पाहून आत काय झिजते आहे ते कळते. इंजिन बदलायचे ठरले. कंपनीकडे रोल्स-रॉइसने दिलेले एक उसने इंजिन होते, ते आणले. काम सुरू झाले आणि हायड्रॉलिक पंप बसवताना अडले : जुन्या इंजिनावरचा पंप उसन्या इंजिनावर नीट बसेना, इंधनाची नळी मध्ये येत होती.

कारण असे होते. उतरवलेले इंजिन सुधारित होते, उसने इंजिन सुधारणेच्या आधीचे. दोन्हींचे नाव एक, बाहेरून रूप एक, पण पंप आणि त्याच्या आजूबाजूच्या नळ्यांची मांडणी वेगळी. ही सुधारणा कशी करायची, कोणकोणते भाग बदलायचे, हे सांगणारे एक सूचनापत्र होते. मुख्य तंत्रज्ञाने ते संगणकावर उघडायचा प्रयत्न केला, जाळ्यातल्या अडचणीमुळे उघडले नाही. मग फोन झाले. इंधनाची नळी जुन्या इंजिनावरची लावा, म्हणजे पंप बसेल, असे ठरले. ती बसली. पण सूचनापत्रात हायड्रॉलिकची नळीसुद्धा बदलायची होती, ती उसन्या इंजिनावरची तशीच राहिली. आता इंधनाची नळी नवी, शेजारची हायड्रॉलिकची नळी जुनी, आणि दोन्हींमध्ये जेवढे अंतर हवे तेवढे राहीना.

मग त्यांनी काय केले? हायड्रॉलिकची नळी हाताने थोडी बाजूला ओढून धरली, आणि तशी धरलेली असतानाच तिचा नट पान्याने आवळला. अंतर मिळाले. डोळ्यांना सगळे बरोबर दिसले. विमान वेळेत द्यायचे होते, हँगर दुसऱ्या कामाला हवा होता. मुख्य तंत्रज्ञाला शंका होती, त्याने ती बोलूनही दाखवली, पण वरच्या माणसांशी बोलल्यावर त्याचे समाधान झाले.

तुमच्यापैकी ज्यांनी नळकाम पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायलाच नको. वाकवून बसवलेली नळी आपला मूळ आकार विसरत नाही. आत हायड्रॉलिकचा दाब आला, इंजिनाचा थरथराट सुरू झाला, आणि ती हळूहळू आपल्या जागी परतली. ती जागा इंधनाच्या नळीला टेकत होती. घासत घासत काही दिवसांतच इंधनाची नळी चिरली.

२४ ऑगस्ट २००१ च्या रात्री ते विमान टोरांटोहून लिस्बनला निघाले होते. आत ३०६ माणसे. अटलांटिकच्या मध्यावर वैमानिकांना पहिली खूण दिसली ती इंधनाची नव्हती. उजव्या इंजिनाच्या तेलाचे तापमान कमी आणि दाब जास्त दाखवत होता. आज आपल्याला कारण कळते : इंजिनात तेल थंड करायला इंधनच वापरतात, आणि गळतीमुळे तिथून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त थंड इंधन वाहत होते. पण रात्री समुद्रावर, दोन आकडे विचित्र दिसल्यावर एवढे सुचणे सोपे नाही. पुढे दोन्ही बाजूंच्या इंधनात तफावत दिसली, तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे डावीकडचे इंधन उजवीकडे वळवले. म्हणजे चांगल्या टाकीतले इंधनही गळक्या वाटेला लागले. आधी उजवे इंजिन बंद पडले, तेरा मिनिटांनी डावे. अझोरेस बेटांवरचा लाजेस हवाई तळ अजून सुमारे १२० किलोमीटर दूर होता.

कॅप्टन रॉबेर पिशे आणि सहवैमानिक डर्क डी यागर यांनी ते दीडशे टनांच्या घरातले विमान १९ मिनिटे इंजिनाशिवाय तरंगवत आणले आणि लाजेसच्या धावपट्टीवर उतरवले. टायर फुटले, उतरताना काही जणांना दुखापत झाली, पण ३०६ पैकी एकही माणूस गेला नाही. वैमानिकांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. मी मात्र नेहमी त्या हँगरमधल्या नटाकडे परत येतो. ज्या क्षणी नळी ओढून धरावी लागली, त्या क्षणी इंजिनाने त्यांना सांगितले होते की इथला कुठला तरी भाग इथला नाही. यंत्रावरची वस्तू सहज बसत नसेल तर ती एक बातमी असते. तिला दोन्ही हातांनी दाबून गप्प करता येते, किंवा सूचनापत्र मिळेपर्यंत पाना खाली ठेवता येतो.

तुमच्यातले बरेच जण उद्या अधिकारी होतील. पाना बहुधा तुमच्या हातात नसेल. तुमच्याकडे रात्री तीन वाजता एक हवालदार किंवा सार्जंट येईल आणि म्हणेल, ‘सर, बसते आहे, पण जरा ओढून.’ तो ‘पण’ कुणी नीट ऐकायचा, हे तेव्हा तुमच्यावर येईल. त्याला पहिला प्रश्न ‘किती वाजता तयार होईल?’ असा विचारलात, तर पुढच्या वेळी तो ‘पण’ म्हणणार नाही. ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. चांगले अधिकारी आधी ‘दाखव मला’ म्हणतात आणि टॉर्च घेऊन शिडी चढतात.

याचा अर्थ असा घेऊ नका की हँगरबाहेर, अडचणीत, घाईत केलेले काम वाईटच असते. २४ मे १९८८ रोजी टाका कंपनीचे नवेकोरे ७३७-३०० विमान न्यू ऑर्लिन्सजवळ वादळात सापडले. पाऊस आणि गारा इतक्या आत गेल्या की दोन्ही इंजिने विझली. पुन्हा सुरू केली तर जोर धरेनात आणि तापू लागली. कॅप्टन कार्लोस दार्दानो यांनी ते नासाच्या मिशू कारखान्याशेजारच्या बांधालगतच्या गवताळ पट्टीवर उतरवले. सगळे वाचले. एक इंजिन अतितापाने निकामी झाले होते. पंख काढून बोटीवरून विमान न्यावे असा विचार आधी झाला. मग बोईंगच्या लोकांनी ठरवले की इंजिन इथेच, उघड्यावर बदलायचे. बदलले. टाकीत लागेल तेवढेच इंधन भरले आणि कारखान्याच्या आवारातल्या रस्त्यावरून, जिथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी होती, विमान उडवून जवळच्या विमानतळावर नेले. बाकीची कामे तिथे केली.

हँगर नाही, पक्की जमीन नाही, डोक्यावर छप्पर नाही. तरीही इंजिन योग्य, भाग योग्य, विमान हलके केलेले, उड्डाण सगळ्यात छोटे, आणि काय उरले आहे ते ठाऊक. त्यापुढे एअर ट्रान्सॅटचा हँगर ठेवून बघा : छप्पर होते, दिवे होते, हत्यारे होती.

आपल्या सैन्यात याच विचाराला युद्धकाळात वेगळे नाव मिळते. गोळी लागून परतलेल्या विमानाला पत्र्याचे ठिगळ लावून दुसऱ्या दिवशी उडवावे लागते, तेव्हा ती ‘बॅटल डॅमेज रिपेअर’ होते. तिचेही पुस्तक असते. कोणत्या भागाला ठिगळ चालेल, कोणत्याला नाही, ते विमान किती वेगाने आणि किती भाराने उडवायचे, किती उड्डाणांनंतर ते मागे पाठवायचे, हे सगळे लिहिलेले असते, आणि धोका कोणी स्वीकारला त्या अधिकाऱ्याची सही असते. ज्याला ते उडवायचे आहे तो वैमानिक शिडी चढण्याआधी ते वाचतो आणि खाली स्वतःची सही करतो. मग लढाई संपल्यावर कोणीतरी ते ठिगळ काढून पक्के काम करतो, आणि ती नोंद बंद होते. तोपर्यंत ती उघडीच राहते.